निरोगी नमुना क्रमांक एक

३ जानेवारी

आजपासून ही वही. सकाळी मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या छातीच्या दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण हुद्द्याला टेप लावता येत नाही. एकोणीस वर्षं मी रेकॉर्ड खोलीत फायली लावतोय. बोलावणं आलं म्हणजे फाईल हरवली, एवढंच आजवरचं गणित. पण बाई म्हणाल्या, "बसा. तुमचं अक्षर चांगलं आहे आणि तुम्ही कधीच घाईत नसता. मला असाच माणूस हवाय."

यातली दुसरी गोष्ट स्तुती होती की काय, हे संध्याकाळपर्यंत ठरलं नाही.

काम असं. दम्याच्या आणि अ‍ॅलर्जीच्या पेशंटना आम्ही सहा प्रश्न विचारतो. गेल्या चार आठवड्यांत रात्री किती वेळा जाग आली, जिना चढताना थांबावं लागलं का, पंप किती वेळा ओढला, शिंका आणि नाक, कामात अडथळा, आणि शेवटी, तुमच्या मते तुमचा आजार कितपत आटोक्यात आहे. प्रत्येकाला एक ते पाच गुण. तीसपैकी तीस म्हणजे माणूस ठणठणीत, बावीसच्या खाली म्हणजे औषध बदला. आता हेच प्रश्न चार तऱ्हांनी विचारायचे: कागदावर, समोरासमोर तोंडी, फोनवर आणि टॅबवर. तेच चाळीस पेशंट, दर आठवड्याला नवी तऱ्हा. खरं उत्तर कुठल्या तऱ्हेने मिळतं ते शोधायचं.

"पण उत्तर खरं की खोटं, हे कळणार कसं?" मी विचारलं.

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि राउंडला निघून गेल्या.

मला जुनी प्लास्टर खोली मिळाली. भिंतीवर पांढऱ्या हातांचे ठसे आहेत. आत पडदा लावलेला एक कोपराही आहे, कपडे बदलायचा.

घरी येऊन हिला सांगितलं. ही बेकरी चालवते. सासऱ्यांची बेकरी, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती म्हणाली, "म्हणजे लोकांना कसं वाटतंय, ते तुम्ही विचारणार?"

"हो."

"तुम्ही?" म्हणाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. बराच वेळ थांबेना. तिच्या माहेरी सगळेच असे. सासरे खोकायचे, त्यांचे वडील खोकायचे. पिठाचा खोकला म्हणतात. एकेका घराण्याची खूण असते. आमच्याकडे टक्कल आहे.

९ जानेवारी

कागदाचा आठवडा. वाटलं होतं, यासारखं सोपं काही नाही. चाळीस कागद, चाळीस पेनं. पेनं परत आली एकतीस.

एका बाईंनी प्रत्येक प्रश्नाच्या पाचही चौकटींत खुणा केल्या होत्या. "अहो, महिन्याभरात सगळंच होतं माणसाला," म्हणाल्या. एका तरुणाने सगळीकडे मधली चौकट निवडली, कारण कडेला जायला बरं वाटत नाही. निवृत्त मास्तरांनी उत्तरं न देता प्रश्नच तपासले. लाल पेनाने तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, 'आठवडा सोमवारपासून की रविवारपासून ते स्पष्ट करावे' असा शेरा मारला आणि प्रश्नावलीला दहापैकी सहा दिले. ते सहा कुठल्या रकान्यात भरू?

एका बसचालकाचा कागद अठ्ठावीस गुणांचा होता. खाली वेगळ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'हे खोटं आहे. — यांची बायको.'

मी अठ्ठावीसच धरले. बायकोचं मत हा या अभ्यासाचा विषय नाही.

१६ जानेवारी

तोंडी आठवडा. हा मला जमला, असं म्हणायला हरकत नाही. माझ्यासमोर लोक बसतात, मी वाचतो, ते उत्तर देतात, मी लिहितो. सरासरी एकदम सत्तावीस! कागदापेक्षा चार जास्त. मास्तर तर म्हणाले, "तुम्ही एवढे कष्ट घेताय, तुम्हाला कमी गुण कसे देऊ?"

मी त्यांना समजावलं की हे माझे गुण नाहीत. ते म्हणाले, "असू दे, असू दे."

बसचालक: तीस. छाती पुढे काढून बसला होता. बोलताना मध्येच शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. खिडकीची फट असावी. शिपायाला सांगून बुजवून घेतली.

१८ जानेवारी

मनात एक शंका आली आणि ती मी मोठ्या बाईंना बोलून दाखवली. आपण चार तराजू वापरतोय, पण चारही तराजू बरोबर आहेत हे कशावरून? आधी एखादं ठरलेलं वजन टाकून बघायला नको का? म्हणजे एक पूर्ण निरोगी माणूस घ्यायचा आणि चारही तऱ्हांनी विचारायचं. चारीकडे तीस आले की तराजू बरोबर.

 "कल्पना वाईट नाही," बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

निरोगी माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. ही. पहाटे चारला उठते, मैद्याची पोती ओढते, चाळते, मळते, भट्टीवाल्याच्या बरोबरीने उभी राहते. भट्टीवाला तिच्याकडे सोळा वर्षं आहे, भट्टी तोच सांभाळतो, आणि तोही म्हणतो, बाई लोखंडी आहेत. डॉक्टरची पायरी ती चढलेली नाही. तिची नोंद मी अशी केली: निरोगी नमुना क्रमांक एक.

१९ जानेवारी

आज जेवण झाल्यावर नमुन्याची तोंडी चाचणी घेतली. शिस्तीत, टेबलाच्या दोन बाजूंना बसून.

"गेल्या चार आठवड्यांत रात्री खोकला किंवा धाप लागून किती वेळा जाग आली?"

"जाग तर येतेच, पण..."

"पीठ फुगलं का बघायला उठतेस, ते धरायचं नाही," मी म्हणालो आणि पाच गुण लिहिले. "जिना चढताना थांबावं लागतं का?"

"थांबते की."

"ते आपलं बोलणं चालू असतं म्हणून. पाच. शिंका?"

"मैदा चाळताना येतात."

"त्या कोणालाही येतील. पाच."

सहा प्रश्न, दोन मिनिटं, तीस गुण. इतकी जलद मुलाखत आजवर झाली नव्हती.

जिन्याचं निघालंच आहे तर लिहून ठेवतो. वादात ही माझ्यापुढे टिकत नाही. खालून वर येताना वाद सुरू झाला की पहिल्या मजल्यापर्यंत ती तावातावाने बोलते. दुसऱ्यावर कठड्याला टेकते आणि गप्प होते. तिसऱ्यापर्यंत मीच बोलतो. मुद्दा पटला की मान्य करावं, हा तिचा मोठेपणा आहे. पूर्वी अशी नव्हती. चारपाच वर्षांत बरीच समजूतदार झाली आहे.

२४ जानेवारी

फोनचा आठवडा. फोन करायला आमच्या स्वागतकक्षातल्या बाई आहेत. आवाज इतका गोड की सगळे त्यांना कोकिळा म्हणतात. तिथेच घोळ झाला. त्यांनी "कसं वाटतंय?" विचारलं की लोकांना बरंच वाटायला लागतं. सरासरी साडेअठ्ठावीस.

बसचालकाने डेपोतून उत्तरं दिली. मागून साहेबांचा आवाज येत होता. तीस. एका आजोबांनी कोकिळेलाच उलट विचारलं, "बाळ, तुझा आवाज आज बसलाय का?" मग तिने स्वतःची सगळी कहाणी सांगितली आणि शेवटी फॉर्म भरला. नंतर लक्षात आलं, एकवीस गुण कोकिळेचे होते. ते आजोबांच्या नावावर चढले. आजोबांचं औषध वाढवायचा कागद निघाला होता, तो मी धावत जाऊन अडवला.

नमुना क्रमांक एक, फोनवर: तीस. कोकिळा म्हणाली, "वहिनी किती छान बोलल्या. फक्त मध्ये मध्ये दम खात होत्या."

काउंटरवर गिऱ्हाईकं असणार.

कागदावरची चाचणीही आजच उरकली. हिने बेकरीच्या काउंटरवरच फॉर्म भरला. अठ्ठावीस. दोन गुण कसे गेले म्हणून विचारलं तर म्हणाली, "पेन सरकलं असेल." मैद्याचे डाग पडले होते कागदावर. दोन गुणांची चूक मी क्षम्य धरतो.

१ फेब्रुवारी

टॅबचा आठवडा, आणि माझं डोकं भणभणलंय.

टॅब पडद्याच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवला आहे. पेशंटने आत जायचं, पडदा ओढायचा, बोटाने उत्तरं द्यायची. यंत्र सुरुवातीलाच सगळ्यांना विचारतं, आपण गरोदर आहात का? हा प्रश्न काढता येत नाही. बसचालकाने 'सांगता येत नाही' निवडलं. "आजकाल कशाचाच भरवसा नाही," म्हणाला.

इथवर हसण्यासारखं. पण गुण! सरासरी सतरा. सतरा! बसचालक, जो माझ्यासमोर तीस होता, तो यंत्रासमोर बारा. मास्तर चौदा. एक आजी चाळीस मिनिटं आत होत्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या त्या डोळे पुसत. टॅबकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "गुणी आहे हो. मध्ये बोलत नाही."

त्यांचे गुण नऊ.

चाळीस माणसं एका आठवड्यात आजारी पडली आणि कारण एकच: हे यंत्र. माझी खात्री आहे की ते बिघडलेलं आहे. कमी मोजतं. पण पुरावा हवा. उद्या नमुना क्रमांक एक.

२ फेब्रुवारी

पुरावा मिळाला.

ही दुपारी स्टाफसाठी टोस्टचा डबा घेऊन आली. दोन मजले चढून आली होती, म्हणून सिस्टरने आधी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग ती पडद्याआड गेली. मी बाहेर उभा. बराच वेळ लागला. तोंडी दोन मिनिटांत झालं होतं! बाहेर आली तेव्हा चेहरा जरा उतरलेला होता. "झालं," म्हणाली आणि डबा न घेताच निघून गेली.

गुण: तेरा.

जी बाई पन्नास किलोचं पोतं ओढते तिला तेरा! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी लगेच तक्रार लिहिली, तीन प्रतींत. 'सदर यंत्र निरोगी व्यक्तीस आजारी ठरवीत आहे.'

६ फेब्रुवारी

टॅबवाला आला. खिशात चार स्क्रू ड्रायव्हर, पण एकही लागला नाही. त्याने स्वतः उत्तरं भरली: तीस. सिस्टरने भरली: तीस. पहारेकऱ्याने भरली: तीस, वर गरोदर नाही. मी भरली: एकोणतीस, कारण 'आजार किती आटोक्यात' याला, आजारच नाही तर काय लिहायचं, या विचारात मी एक गुण घालवला.

"यंत्र ठीक आहे," टॅबवाला म्हणाला.

"मग माझ्या बायकोचे तेरा?"

त्याने डोकं खाजवलं. "काय करतात त्या?"

"बेकरी."

"मग हाताला पीठ असणार. काचेवर पीठ असलं की बोट एकीकडे आणि खूण दुसरीकडे."

माणूस कमी शिकलेला, पण बुद्धी तल्लख. पीठ! इतकं साधं कारण माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

८ फेब्रुवारी

पिठाची परीक्षा शास्त्रशुद्ध घेतली. हिला यायचं नव्हतं. "किती वेळा तेच तेच?" म्हणत होती. मी म्हटलं, विज्ञानाला पुनरावृत्ती लागते.

पहिल्यांदा साबणाने हात धुवून: बारा. मग सिस्टरचे रबरी हातमोजे घालून: बारा. शेवटी बोट लावायचंच नाही म्हणून पेन्सिलच्या खोडरबराने: अकरा.

म्हणजे पीठ नुसतं हातावर नाही. ते तिच्यात मुरलेलं आहे आणि धुतलं तरी जात नाही. काचेला ते कुठून तरी कळतं.

बाहेर पडताना ती म्हणाली, "तुम्हाला आकडे दिसतात ना? वाचलेत का नीट?"

"चार वेळा तपासलेत," मी म्हटलं.

 ती बोलणार होती, पण खोकला आला, आणि खोकून झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे. भट्टी तापली असेल."

१४ फेब्रुवारी

अहवाल पूर्ण. बावीस पानं, एकही खाडाखोड नाही. निष्कर्ष: तोंडी पद्धत सर्वोत्तम, कारण तिच्यात लोक सर्वांत निरोगी आढळले. यंत्र त्याज्य. परिशिष्टात नमुना क्रमांक एकची नोंद: 'व्यवसाय बेकरी. तोंडी ३०, फोन ३०, कागद २८, यंत्र १३, १२, १२, ११. कारण: पीठ.'

हे शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं. दोन शब्दांत सगळं आलं.

१६ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी अहवाल घेऊन बोलावलं. परिशिष्टाचं पान उघडं होतं. चष्मा काढून हातात.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"कारण, पीठ."

"हो बाई. टॅबवाल्याने सुचवलं, पण सिद्ध मी केलं."

"लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"समाधान वाटलं," मी म्हणालो.

त्या खिडकीपाशी गेल्या. खांदे हलत होते. हसत होत्या की काय, मला मागून कळलं नाही. वळल्या तेव्हा मात्र चेहऱ्यावर हसू नव्हतं. "उद्या सकाळी तुमच्या मिसेसना घेऊन या. उद्याच. बेकरी बंद ठेवावी लागली तरी चालेल."

बहुतेक आभार मानायचे असतील. चारचार वेळा यंत्रापुढे बसली बिचारी. मी चांगला शर्ट इस्त्रीला दिलाय. हिला सांगितलं, "बाई तुझं कौतुक करणार आहेत."  तिने नेसायची साडी आत्ताच काढून ठेवली.

१७ फेब्रुवारी

कौतुक नव्हतं.

बाईंनी माझ्या प्लास्टर खोलीतच हिला समोर बसवलं, नाडी बघितली, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग प्लॅस्टिकची फुंकायची नळी हातात दिली. काटा चारशेच्या आसपास जायला हवा, असं सिस्टर म्हणाली. ही सगळा जीव एकवटून फुंकत होती. काटा एकशे नव्वदला थांबला. तिन्ही वेळा.

मी म्हणालो, "बाई, ही नळीसुद्धा..."

"नळी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "टॅब ठीक आहे. तुमच्या मिसेस ठीक नाहीत. पिठाचा दमा आहे हा. वर्षानुवर्षं मैद्याची धूळ नाकातोंडात जाऊन होतो. चार आठवड्यांत किती रात्री जागल्या, सांगू? वीस. उशीला टेकून बसून. त्यांनी यंत्राला सांगितलंय. चारही वेळा."

 पांढऱ्या हातांच्या भिंतीकडे मी बघत राहिलो.

वीस रात्री. मी बाजूलाच होतो.

घरी येताना रिक्षात विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही पाच लिहिलेत."

"आणि टॅबला सांगितलंस!"

"तो थांबला," ती म्हणाली. "मी उत्तर देईपर्यंत तसाच थांबला. मग नाही कसं म्हणणार?" आणि पुढे म्हणाली, "बाबा शेवटी खुर्चीत बसून झोपायचे. मला अंदाज होता. पण बेकरी बंद केली तर ते कशासाठी खपले, असं वाटायचं."

आज पुढे काही लिहिवत नाही. परिशिष्टाचं पान डोळ्यांपुढून हलत नाही. अक्षर मात्र खरंच चांगलं आलंय.

२० फेब्रुवारी

बाईंनी बजावलंय: पंप सकाळ-संध्याकाळ, आणि चाळणं-मळणं बंद. मैद्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ही काउंटरवर बसू शकते, दार उघडं ठेवून.

मी ठरवलं. हिच्या वडिलांची बेकरी बंद पडू द्यायची नाही. चाळणं मी करीन. तोंडाला मास्क लावून, पहाटे चार ते सात. नंतर दवाखाना. सांगितलं तेव्हा ही आणि भट्टीवाला, दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"साहेब, पोतं उचलता येतं का?" त्याने विचारलं.

"न येण्यासारखं त्यात काय आहे?" मी म्हणालो.

२१ फेब्रुवारी

पोतं उचलता येत नाही.

२ मार्च

पाठ गेली आहे. पाव दगडासारखे झाले. भट्टीवाल्याने माझ्या नकळत दुसरे केले, असं मला नंतर कळलं. पण मागे हटणार नाही. आज नळीचा आकडा दोनशे सत्तर.

दवाखान्यात अहवाल उलटा झाला. बाईंनी माझी बावीस पानं ठेवली, फक्त निष्कर्षातले शब्द बदलले. जिथे 'यंत्र त्याज्य' होतं तिथे आता 'यंत्रास लोक खरे सांगतात' असं आहे. बसचालकाचं औषध वाढलं, त्याला महिनाभर डेपोत बसून काम दिलंय. त्याची बायको येऊन मला म्हणाली, "मी कागदावर लिहिलं होतं." मी मान खाली घातली. मास्तरांचंही औषध वाढलं. त्यांनी नव्या चिठ्ठीतलं शुद्धलेखन सुधारलं.

९ मार्च

काल बेकरीतून वर येताना वाद झाला. मी मैदा जास्त भिजवतो यावरून. पहिला मजला ती बोलली. दुसऱ्यावर मी सवयीने तोंड उघडलं, तर तिचं चालूच! तिसऱ्यापर्यंत बोलली, कुलूप उघडताना बोलली, चपला काढताना बोलली. एकही मुद्दा सोडला नाही. आणि मुद्दे चांगले होते.

म्हणजे चारपाच वर्षं मी एकही वाद जिंकलो नव्हतो. समोरच्याला श्वास नव्हता.

१५ मार्च

बाईंनी पाचवी तऱ्हा काढली. टॅब सगळीकडे नेता येत नाही, आणि आजी म्हणतात तसा तो गुणी असला तरी हात धरत नाही. तेव्हा विचारणार माणूसच, पण नियम नवा: प्रश्न विचारायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसायचं. मान हलवायची नाही, 'बरं' म्हणायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही, पेन उचलायचं नाही.

यासाठी प्रशिक्षण ठेवलंय. मला सगळ्यांत जास्त दिवस लागतील, असं बाईंचं मत.

सरावासाठी सिस्टर पेशंट झाली. पहिल्या दिवशी मी अकरा सेकंद टिकलो. दुसऱ्या दिवशी सव्वीस. कोकिळा मात्र आपोआप नापास, तिला गप्प राहून फोन करता येत नाही. समोरचा म्हणतो, हॅलो, हॅलो.

२३ मार्च

आज पूर्ण एक मिनिट! सिस्टर म्हणाली, "तुमचा चेहरा जांभळा झाला होता." श्वास घ्यायला मनाई नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

२८ मार्च

नळीचा आकडा तीनशे चाळीस. आज सुट्टी, दुपारी बेकरी बंद. ही खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली होती. माझ्या हातांना फोड आलेत, त्यांवर मलम लावत मी समोर बसलो. पाच आठवडे चाळणं झालं. म्हटलं, आता घरी सराव करावा. घड्याळ टेबलावर ठेवलं.

"तुला कसं वाटतंय?" मी विचारलं. फॉर्म नव्हता, म्हणून हाच प्रश्न सुचला.

"बरं आहे की," ती म्हणाली.

एरवी मी उठलोच असतो. पण नियम म्हणजे नियम. बसून राहिलो. दहा सेकंद. तिने खिडकीबाहेर पाहिलं. पंधरा. माझ्या हातांकडे पाहिलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मला पाव आवडत नाही."

पाच आठवडे. पहाटे चार. पोती. मी मलमाची डबी घट्ट धरली आणि काही बोललो नाही.

"लहानपणापासून नाही आवडत. त्याचा वाससुद्धा नको होतो. बाबांनी कधी विचारलं नाही, हातात चाळणी दिली. मग तुम्ही आलात, तर तुम्हाला पाव फार आवडायचा." ती जरा थांबली. "आणि आता तुम्ही माझ्यासाठी पाठ मोडून घेताय. मला कळेना कसं सांगू. भट्टीवाल्याला ती बेकरी जीव की प्राण आहे. त्याला देऊन टाकू या का चालवायला?"

चाळीस सेकंद. माझ्या पाठीने मनोमन हो म्हटलं, तोंडाने नाही.

"आणि मला," ती म्हणाली, आणि लाजली. पन्नाशीला टेकलेली बाई लाजली. "मला फुलांचं दुकान काढायचंय."

फुलं! अ‍ॅलर्जी, परागकण, प्रश्न क्रमांक चार, शिंका आणि नाक! एकोणीस वर्षं अधिक तीन महिन्यांचा माझा सगळा अनुभव घशापर्यंत आला. तोंड उघडलं गेलं. तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. अजून नऊ सेकंद होते. मी तोंड मिटलं.

"कागदाची," ती म्हणाली. "कागदाची फुलं. मैद्याच्या पोत्यांवर रंगीत कागद यायचा, त्याची शाळेत असताना करायचे. बाई दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायच्या."

मिनिट संपलं होतं. नियमाप्रमाणे आता मला बोलता आलं असतं. पण ती पाकळी कशी दुमडायची ते दाखवायला लागली होती, रिकाम्या हातांनीच, आणि पुढची दोन मिनिटंसुद्धा मी तसाच बसलो.